‘रन’ दिसला की लगेच धावू नका

गोव्यात रायबंदरच्या धक्क्यावर चोडणच्या फेरीबोटीची वाट बघत होतो. भाची बाकावर बसून गृहपाठ उरकत होती. ‘द फेरी रन्स एव्हरी डे.’ तिनं लिहिलं, ‘फेरी रोज धावते.’ समोर मांडवीत फेरीबोट तिरकी होत, रमतगमत येत होती. तिनं एकदा वहीकडे पाहिलं, एकदा बोटीकडे. "मामा, ही धावते?"

ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या संपादकांनी ‘रन’ या एकट्या क्रियापदाचे 645 अर्थ मोजल्याचं 2011 साली छापून आलं होतं. ते पाठ करत बसू नका.

आधी ‘चालणे’ लावून बघा. इंग्रज धावतो तिथं आपण बहुधा चालतो. दुकान चालतं, यंत्र चालतं, नाटक महिनाभर चालतं. वाक्यात कर्म असेल तर ‘चालवणे’: ‘शी रन्स अ शॉप’, ती दुकान चालवते.

ते जमलं नाही तर वस्तू पातळ आहे का बघा. नदी वाहते, सर्दीत नाक वाहतं. नळ मात्र ‘चालू’ राहतो, म्हणजे पुन्हा चालणंच! धुताना कपड्याचा रंग ‘रन’ झाला, तर आपण म्हणतो रंग गेला.

मग ‘रन’ला जोडून येणाऱ्या शब्दांच्या शेपटाकडे बघा. खरी गंमत तिथं आहे. ‘वुई हॅव रन आउट ऑफ शुगर’ यात इंग्रजीचा कर्ता ‘आम्ही’, पण मराठीत संपते ती साखर. कर्ता बदलल्याशिवाय हे वाक्य मराठी होतच नाही. क्रिकेटमधला ‘रन आउट’ वेगळा, तो धावचीत. ‘रन इंटू’ माणसाशी आलं तर अवचित गाठ पडते, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पडते तशी. झाडाशी आलं तर गाडी आदळते. ‘थ्री डेज रनिंग’ म्हणजे सलग तीन दिवस, त्यात कुणीच हलत नाही.

निवडणुकीला अमेरिकन माणूस ‘रन’ करतो, ब्रिटिश ‘स्टँड’ करतो. आपणही उभेच राहतो.

‘धावणे’ सगळ्यात शेवटी, कर्त्याला पाय असले तर.

हे सगळं ऐकून भाचीनं खोडून लिहिलं, ‘फेरी रोज चालते.’ मी मान डोलावली. शेजारी टोपली घेऊन बसलेल्या आजी म्हणाल्या, "अगो, फेरी सदांच आसता."

भाचीनं पुन्हा खोडलं: ‘फेरी रोज असते.’