पतंग बघायला बागेत जाण्याआधी

पावसाळ्यात एखाद्या रात्री पतंग, म्हणजे मॉथ हे कीटक, बघायला जायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, दिवा कुठला घेऊ? माझं म्हणणं, दिव्याचं नंतर बघू. आधी एका सकाळी त्याच बागेत जाऊन झाडं बघून या. रात्री कोण येणार, हे बरंचसं बागेत काय लावलंय यावर ठरतं. तगर आणि कण्हेर कुठे आहे, वड-उंबर-पिंपळ कुठे, कुंपणाच्या कडेला खुळखुळा उगवलाय का, एवढं वहीत मांडून ठेवा. खुळखुळ्यावर भर दिवसासुद्धा ठिपक्याठिपक्यांचे नाजूक पतंग उडताना सापडतात, कारण सगळेच पतंग काही निशाचर नसतात. फुलपाखरू की पतंग असा घोळ झाला तर मिशा बघा. फुलपाखराच्या मिशांना टोकाशी गाठ असते. पतंगाच्या मिशा बहुधा दोऱ्यासारख्या नाहीतर पिसासारख्या असतात.

तगरीपाशी जरा जास्त वेळ काढा. झुडपाखालच्या फरशीवर मिरीपेक्षा मोठ्या, उभ्या खाचा असलेल्या काळपट लेंड्या पडल्या असतील तर तिथेच थांबून बरोबर वरची फांदी न्याहाळा. आधी काहीच दिसत नाही. मग एखादं कुरतडलेलं पान दिसतं, आणि त्याच्या देठाशी जो हिरवा देठ वाटत होता तो हलतो. बोटाएवढी जाड अळी, डोक्यामागे डोळ्यांसारखे दोन निळे ठिपके आणि शेपटाकडे छोटं शिंग. ही ओलिएंडर हॉक मॉथची, म्हणजे कण्हेरीवरच्या पतंगाची अळी. कण्हेरीला गुरं तोंड लावत नाहीत, ही मात्र त्या विषारी पानांवरही पोसते. मोठेपणी हिचेच हिरव्या-गुलाबी नक्षीचे पंख होतात. केसाळ सुरवंटांना मात्र हात लावू नका, पुढे दोन दिवस खाजवत बसाल. त्याच फेरीत माळीकाकांशी ओळख करून घ्या. फवारणी कधी झाली आणि कुठलं झुडूप दरवर्षी खाल्लं जातं, हे त्यांना नेमकं माहीत असतं. नुकतीच फवारणी झाली असेल तर दुसरी बाग बघा.

तारीख अमावास्येच्या आसपासची धरा. ढगाळ, दमट, वारा पडलेली रात्र सगळ्यात चांगली. चांदण्यात दिव्यापाशी टांगलेल्या चादरीवर पतंगांची गर्दी कमी होते. अमेरिकेत न्यू जर्सीत २०१२ साली सुरू झालेला नॅशनल मॉथ वीक, म्हणजे पतंग बघण्याचा आठवडा, जुलैच्या अखेरीस असतो आणि तो आपल्याकडे ऐन पावसाळ्यात येतो, त्यामुळे सुरुवातीला तो आठवडा उत्तम. बाग रात्री बंद होत असेल तर उद्यान विभागाला तारीख, वेळ आणि किती जण येणार हे लिहून आधीच अर्ज द्या. मंजुरीची प्रत रखवालदारापाशी ठेवा. परवानगी नाहीच मिळाली तरी हिरमुसू नका. उजाडताना फाटकाजवळच्या दिव्याखालची भिंत आणि स्वच्छतागृहाबाहेरच्या फरशा बघत फिरा. रात्री दिव्यावर आलेले कितीतरी पतंग तिथेच बसलेले असतात.

सामानात एक पांढरी सुती चादर दोरीवर टांगायला आणि दुसरी तिच्याखाली अंथरायला घ्या. खालची चादर लोक विसरतात, आणि मग गवतात बसलेले पतंग पायाखाली जातात. दिव्यासाठी पूर्वी १६० वॅटचा मर्क्युरी बल्ब वापरत. तो भयंकर तापतो आणि पावसाचा थेंब पडला तर तडकतो. त्यापेक्षा पॉवर बँकेवर चालणारी अतिनील एलईडी पट्टी बरी, फक्त तिच्याकडे टक लावून बघायचं नाही. पतंग प्रकाशावर भाळतात असं आपण म्हणत आलो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं ते वेगळंच. उडताना कीटक उजेडाकडे पाठ ठेवतात, कारण एरवी उजेडाची बाजू म्हणजे आकाश. दिवा शेजारी आला की त्यांची वरची बाजूच चुकते आणि ते गिरक्या घेत अडकतात. म्हणून दिवा मोजकेच तास लावायचा.

दिव्यावर न येणाऱ्यांसाठी सडायला आलेली केळी आणि गूळ एकत्र शिजवून एक दिवस आंबू द्या, आणि संध्याकाळी दोन-तीन खोडांना छातीच्या उंचीवर ब्रशने लावा. ॲटलस किंवा मून मॉथ हे मोठे पतंग याला फसणार नाहीत. प्रौढपणी ते काहीच खात नाहीत, अळी असताना साठवलेल्यावरच जगतात. पायात बूट, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातात विजेरी हवीच. पाऊल टाकण्याआधी उजेड टाका, बेडूक जमले की सापही येऊ शकतो.

ओळख पटवायला आधी बसण्याची ढब टिपा. भिंतीला चिकटून चारही पंख सपाट पसरणारे, पंख छपरासारखे उतरते ठेवणारे आणि बाणाच्या टोकासारखे बसणारे हॉक मॉथ असे ढोबळ गट केले तरी अर्धं काम होतं. प्रत्येकाचा वरून एक, बाजूने एक आणि शेजारी मोजपट्टी ठेवून एक असे फोटो घ्या. वेळ, जागा आणि जवळचं झाड लिहा. घरी येऊन आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर टाका. फोटोवरून कुळापर्यंतच पोचता आलं तर तिथेच थांबा. ओढूनताणून लावलेलं नाव पुढच्या माणसालाही चुकवतं.

उजाडण्याच्या बऱ्याच आधी दिवा बंद करा. पहाटे बुलबुल आणि दयाळ अशी चादर बरोबर हेरतात. चादर झटकू नका, एकेका पतंगाला पानाने हळूच झुडपात सरकवा. एखादा हॉक मॉथ हातावर चढलाच तर तो लगेच उडणार नाही. छातीचे स्नायू तापेपर्यंत त्याचे पंख नुसते थरथरत राहतात. तेवढा वेळ हात स्थिर ठेवा.