टायर मोठे टाकले आणि गाडी ओढेना? या चुका टाळा

टायर बदलल्यापासून पिकअप गेला, अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी एकच विचारतो, जुना साइज काय होता? बहुतेकांना आठवत नाही. जुने टायर दुकानातच विकून मोकळे झालेले असतात आणि आता फिल्टर बदलू का, ट्यूनिंग करू का असं सुरू असतं. अरे बाबांनो, इंजिनला काही झालेलं नाहीये, तुम्ही पाचही गियर एका दमात बदललेत! उंच टायर एका फेऱ्यात जास्त अंतर कापतो, म्हणून प्रत्येक गियर इंजिनला जड जातो.

पहिली चूक, रिंगचा इंच म्हणजे टायरची उंची समजणं. 165/80 आर14 (रुंदी 165 मिमी, बाजूची उंची रुंदीच्या 80 टक्के, रिंग 14 इंची) ची उंची साधारण 620 मिमी आणि 195/55 आर16 ची 621. रिंग दोन इंच वाढली तरी गियरिंग जागच्या जागी. उलट त्याच 14 च्या जागी 205/65 आर15 टाकला तर रिंग एकच इंच वाढते पण टायर जातो 647 मिमीवर, म्हणजे साडेचार टक्के उंच. हिशोब अवघड नाहीये, रुंदीचे तेवढे टक्के काढा, दुप्पट करा आणि त्यात रिंगचे इंच गुणिले 25.4 मिळवा. दोन मिनिटं लागतात, पण टायर आजच बसवायचे असतात ना सगळ्यांना.

घाटात जुन्याच सवयीने गियर टाकणं. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. माझ्या मित्राने त्याच्या मारुती जिप्सीचे 205/70 आर15 काढून 235/75 आर15 टाकले. दिसायला गाडी भारी झाली, त्यात वाद नाही. पण 668 मिमीचा टायर झाला 733 चा, म्हणजे जवळजवळ 10 टक्के मोठा. डिफरन्शियलचा, म्हणजे चाकांच्या ॲक्सलवरच्या शेवटच्या गियरचा, रेशो 4.10 असेल तर तो 3.73 असल्यासारखा वागायला लागतो. आतला एकही दात बदललेला नसतो पण प्रत्येक गियरमध्ये चाकावरची ओढ 9 टक्क्यांनी कमी. सपाट रस्त्यावर हे कळतही नाही, उलट इंजिन कमी फिरतंय म्हणून गाडी शांत वाटते.

मग आम्ही महाडकडून वरंधा घाट चढायला लागलो, चौघं जण आणि मागे सामान. आधी जे वळण तो थर्डमध्ये काढायचा तिथे गाडी घुसमटायला लागली. मी दोनदा म्हटलं सेकंड टाक, तर तो म्हणे इथे मी कायम थर्डलाच चढवलीये, आणि इंजिन बंद पडू नये म्हणून हाफ क्लचवर खेचत राहिला. वाघजाईच्या देवळापाशी पोचलो तेव्हा भज्यांच्या वासाच्या आधी जळक्या क्लचचा वास आला. पुढे गियरबॉक्स उतरवला तर क्लच प्लेट काचेसारखी गुळगुळीत आणि प्रेशर प्लेटवर निळे डाग. क्लचचा पूर्ण सेट बदलावा लागला, तो फक्त एक गियर खाली टाकायचा राहिला म्हणून.

माझी सवय सांगतो. टायर बदलले की पहिले 500 किमी मी कानाने चालवतो, इंजिन जड आवाज करायला लागलं की लगेच गियर खाली, आधी तिथे कुठला चालायचा ते विसरायचं. उतरताना पण तेच, कारण इंजिन ब्रेकिंगही तेवढंच कमी झालेलं असतं.

चढ जमत नाही म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-लो, म्हणजे चारही चाकांना ओढ देणारा सगळ्यात हळू गियर, टाकणं. पार्ट टाइम फोर बाय फोरमध्ये, म्हणजे जिथे लिव्हर टाकला की पुढची-मागची चाकं एकत्र जखडतात, तिथे नको. वळणावर पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं फिरायचं असतं, त्याचा सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे ओढ पुढे-मागे वाटणाऱ्या डब्यावर, जातो.

पुढच्या टायरची एक उंची, मागच्याची दुसरी. फोर बाय फोरला अजिबात नाही. क्राऊन-पिनियन (डिफरन्शियलमधले दोन मुख्य गियर) बदलून रेशो परत आणायचा असेल तरी दोन्ही ॲक्सलचे एकदमच बदला.

मीटरवर विश्वास ठेवून ॲव्हरेज काढणं. हे ऐकून तर माझं डोकं फिरतं. त्याच जिप्सीचा मीटर 360 किमी दाखवत होता, पेट्रोल 30 लिटर, म्हणून ॲव्हरेज 12 वर आलं अशी बोंब. खरं अंतर झालं होतं 395, म्हणजे ॲव्हरेज 13 च्या वर. स्पीडचंही तसंच, काटा 80 वर असतो तेव्हा गाडी 88 ने पळत असते, आणि हे तुमच्या ब्रेकला आणि समोरच्या माणसाला भोगावं लागतं. फोनचं जीपीएस लावून सरळ रस्त्यावर 10 किमी तपासा, किती टक्के फरक येतो ते कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा.

झिजलेल्या टायरशी नव्याची तुलना. नवा ट्रेड, म्हणजे टायरच्या नक्षीची खोली, साधारण 8 मिमी असतो, 1.6 ला टायर संपतो. दोन्ही बाजू धरून उंचीत जवळपास 13 मिमी गेले. त्यामुळे साइज तोच ठेवला तरी नवीन टायरवर गाडी किंचित जड वाटते, घाबरू नका.

मी खडूने टायरवर आणि जमिनीवर खूण करतो, चाक एक पूर्ण फेरा पुढे ढकलतो आणि टेपने मोजतो. जुन्यावर एकदा, नव्यावर एकदा. फरक 3 टक्क्यांच्या वर गेला तर तो साइज माझ्या गाडीला लागत नाही. मित्र एवढं ऐकणारा नाही, तो 215/75 आर15 वर आलाय, अजूनही 5 टक्के जास्तच आहे. पण परवा वरंध्यात त्याच वळणाच्या आधी त्याने स्वतःहून सेकंड टाकला.