मुलाखती तर झाल्या, आता पुढे काय? क्वालिटेटिव्ह रिसर्चचं कोडिंग कसं करायचं

दरवर्षी डेझर्टेशन जमा करायची तारीख जवळ आली की कॉलेज रोडच्या चहाच्या टपरीवर कोणीतरी एमएसडब्ल्यू किंवा एमएचं पोरगं झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन माझ्यासमोर बसतं. "ताई, बारा मुलाखती झाल्यात, आता यातून फाइंडिंग्ज कशा काढायच्या?" गाइड म्हणालेले असतात, "वाचत राहा, थीम आपोआप वर येतील." थीम म्हणजे काय दुधावरची साय आहे का? म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. क्वालिटेटिव्ह म्हणजे आकडे न मोजता लोकांच्या बोलण्यातून शोधायचं, कोड म्हणजे बोलण्याच्या तुकड्याला दिलेलं छोटं नाव, आणि थीम म्हणजे बऱ्याच कोडना जोडणारी मोठी गोष्ट. उदाहरणं द्राक्षवाल्यांची घेते, माझं बरंच काम निफाड-दिंडोरीकडे झालंय म्हणून.

१) प्रश्न. "किती" विचारायचं असेल तर सर्व्हे करा. किती बागायतदारांवर कर्ज आहे हा आपला प्रश्नच नाही, कर्ज असताना माणूस परत बागच का लावतो हा आपला.

२) माणसं. चिठ्ठ्या टाकून नाही निवडायची, ज्याच्याकडे सांगण्यासारखं आहे तो शोधायचा. आणि किती जण? सगळ्यांच्या तोंडी १२ चा आकडा असतो. तो गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांच्या २००६ च्या पेपरमधून आलाय. घाना आणि नायजेरियातल्या बायकांच्या ६० मुलाखती होत्या, त्यातले बहुतेक कोड पहिल्या १२ मध्येच येऊन गेले. पण त्या बायका साधारण सारख्या परिस्थितीतल्या होत्या आणि प्रश्नही सगळ्यांना तेच होते, हे कोणी सांगत नाही. तुम्ही बागायतदार, मजूर आणि व्यापारी एकाच गठ्ठ्यात घेणार असाल तर १२ विसरा.

३) मुलाखत. छाटणीच्या नाहीतर काढणीच्या दिवसांत जाऊ नका, लोक शिव्या देत नाहीत एवढंच. परवानगी घ्या, मगच फोनचं रेकॉर्डिंग चालू करा. शेजारी व्यापारी किंवा कर्ज देणाऱ्या सोसायटीचा माणूस बसलेला असेल तर चहा पिऊन परत या, त्या दिवशी खरं काही मिळत नाही. आणि समोरचे नाना गप्प झाले की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका हो, जरा थांबा.

४) टाइप करणं. तासाभराच्या मुलाखतीला मला अजूनही पाचेक तास लागतात. स्वतः टाइप करा. बॅकअप दोन वेगळ्या जागी. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांच्या रामपुरा गावच्या अभ्यासाच्या नोट्सच्या तीन प्रती होत्या, तिन्ही स्टॅनफर्डला एकाच इमारतीत, आणि १९७० साली तिथे आग लावली गेली त्यात तिन्ही जळाल्या. पुढे त्यांनी बरंचसं आठवणीतून पुस्तक लिहिलं, १९७६ ला आलं. ते श्रीनिवास होते, आपण नाही.

५) कोडिंग. इथे बसा नीट.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा एक्सेलमध्ये आधीच १४ कोड लिहून ठेवले होते. आर्थिक समस्या, कौटुंबिक समस्या, सरकारी योजना, हवामान वगैरे. मग वाक्यं उचलून त्या त्या कॉलममध्ये टाकली, दोन दिवसांत काम फत्ते, मी जाम खूश. एका सीनियर बाईंना दाखवलं तर त्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "हे तर तू गावात न जाताही लिहिलं असतंस." रात्रभर झोप नाही. पण खरं होतं, ते कोड नव्हतेच, माझ्याच प्रश्नावलीची हेडिंगं होती, मी फक्त लोकांचं बोलणं कापून त्यात कोंबलं होतं.

तर कोड म्हणजे कप्पा नाही. निदान पहिल्या तीन मुलाखती ओळ न ओळ घ्या आणि प्रत्येक ओळीला एकच विचारा, हा माणूस इथे नेमकं काय करतोय? उत्तर क्रियापदात लिहा. कॅथी शार्माझ या समाजशास्त्रज्ञ बाईंनी इंग्रजीवाल्यांना हेच सांगितलं, कोड क्रियेचे करा, पाठी 'इंग' लावा. आपल्याला तर 'णं' फुकटात मिळालंय, झाकणं, टाळणं, ढकलणं, सोसणं.

समजा एक काका म्हणतात, "पोराला म्हटलं दिवाळीत ये, बाग बघून जा, पण बागेचं वेड लावून घेऊ नको." याला तुम्ही 'शेतीबद्दल निराशा' असा कोड दिला की संपलं, वाक्य मेलं. निराश माणूस पोराला बाग बघायला कशाला बोलवेल? मी कोड देईन 'दाखवणं, पण सोपवणं नाही'. आता हा कोड डोक्यात ठेवून पुढे वाचायचं. चौथ्या मुलाखतीत दुसरे एक जण सांगतात की बँकेचं पासबुक बायकोच्या हातात देतो, पण हातउसने किती घेतलेत ते तिला माहीत नाही. परत तेच, दाखवणं पण सोपवणं नाही! माझ्या जुन्या एक्सेलमध्ये पहिलं वाक्य 'हवामान व शेती'त गेलं असतं आणि दुसरं 'आर्थिक'मध्ये, दोघांची भेट जन्मात झाली नसती. कोडचं काम ही भेट घडवणं.

दुसरा खड्डा भाषांतराचा, यात तर मी दोनदा पडले. रिपोर्ट इंग्रजीत द्यायचाय म्हणून आधी सगळं इंग्रजी करायचं आणि मग कोड करायचं, हे कृपा करून करू नका. एक जण म्हणतो "भागतं", दुसरी म्हणते "निभावलं", तिसरा म्हणतो "दिवस ढकलतोय". इंग्रजीत तिघंही 'मॅनेज' करतात. भागतं म्हणजे पैसे पुरतात, निभावलं म्हणजे एक मोठं संकट होतं ते पार पडलं, आणि ढकलणाऱ्याचं तर अजून चालूच आहे. तीन माणसांच्या तीन गोष्टी होत्या, एका शब्दात गेल्या. कोड मराठीतच करा, बागलाणकडचा माणूस अहिराणीत बोलला असेल तर त्याचे शब्द अहिराणीतच ठेवा, शेवटी जी दहा-पंधरा वाक्यं रिपोर्टमध्ये जाणार तेवढीच इंग्रजीत करा.

रोज संध्याकाळी अर्धा पान मेमो लिहा, हा कोड का दिला, कुठे अडलं, कशाचा राग आला. पंधरा दिवसांनी तुमचे तुम्हालाच कोड परके वाटतात, तेव्हा हाच कागद कामाला येतो.

एनव्हिवो, अ‍ॅटलस वगैरेवर पैसे घालायची घाई नको. सॉफ्टवेअर कपाट देतं, घडी तुम्हालाच घालायची असते. प्रिंट आणि चार हायलायटर पुरतात. आजकाल पोरं सगळं एआयमध्ये टाकतात, तिथून परत माझेच ते १४ कप्पे सुबक होऊन बाहेर येतात आणि शिवाय त्या काकांनी याला परवानगी कधी दिली होती हो?

६) थीम. कोडच्या चिठ्ठ्या करून जमिनीवर पसरा, जवळच्या जवळ सरकवा. थीम एका पूर्ण वाक्यात सांगता आली पाहिजे. 'कर्ज' ही थीम नाही. 'घरातल्यांना अर्धंच दाखवून माणूस बाग आणि अब्रू दोन्ही राखतो' ही झाली थीम. ब्राउन आणि क्लार्क यांच्या २००६ च्या पेपरमधल्या कोडपासून थीमपर्यंतच्या सहा पायऱ्या सगळे कॉपी करतात, पण थीम डेटातून आपोआप वर येत नाहीत, त्या तुम्ही करता, हेही त्या दोघींनीच तिथे लिहिलंय, ते वाचायचं राहून जातं. मग उलटं वाचा, या वाक्यात न बसणारा माणूस शोधा. सापडला तर त्याला लपवू नका, वाक्य बदला.

७) लिहिणं. दहा मुलाखतींत "६०% लोकांचं मत असं" लिहू नका, सहा जण आहेत ते, सहाच म्हणा. आणि नाव बदललं म्हणजे माणूस लपला असं नसतं. 'पिंपळगावचा तीन एकर थॉमसन द्राक्षवाला, मुलगा जर्मनीत' असं लिहिलंत तर अख्खा तालुका ओळखेल. गाव काढा, एकर काढा, मुलगा नुसता परदेशात ठेवा.