मे महिन्यात सगळ्या गोतावळ्याचा फोटो काढताय? या चुका टाळा

चार वर्षांपूर्वीचा एक फोटो माझ्यासमोर आहे. गुहागरला आमच्या घरी मे महिन्यात सगळे जमलो होतो, लहानथोर मिळून ३४ माणसं. पंगती उठल्यावर दुपारी दीड वाजता वाडीत काढलेला हा फोटो. मधोमध खुर्चीत आजी. तिच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग दिसतात, ओठांवर नाकाची सावली पडली आहे, बाकीच्यांनी उन्हाने डोळे बारीक केले आहेत. त्याच वर्षी मार्गशीर्षात आजी गेली. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून आम्ही प्रत्येकाचा फोन धुंडाळला. सगळ्या घरासोबत तिचा चेहरा नीट दिसतोय असा एकही फोटो निघाला नाही.

तेव्हापासून घरच्या फोटोची जबाबदारी मी मागून घेतली. आमच्या हातून झालेल्या चुका तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

“जेवणं झाली की काढूया”

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती होते चांगल्या हेतूने. जेवायला सगळे आपोआप एकत्र येतात, त्यामुळे तीच वेळ सोयीची वाटते. पण कोकणात मे महिन्यात सूर्य साडेबाराच्या सुमारास जवळजवळ थेट डोक्यावर असतो. गुहागरच्या पट्ट्यात १० मेच्या आसपास, पुण्यात त्यानंतर तीन-चार दिवसांनी शून्य सावलीचा दिवस येतो. उभ्या काठीची सावलीसुद्धा पडत नाही. असा उजेड कपाळावर आणि नाकावर पडतो, डोळ्यांच्या खोबणीत पोचतच नाही. भारी कॅमेरा आणला तरी त्यात फरक पडत नाही.

मग केव्हा काढायचा? मे महिन्यात आमच्याकडे सूर्य सहाच्या थोडं नंतर उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो. समुद्र मागे हवा असेल तर सकाळ धरा. संध्याकाळचा सूर्यास्त मागे घेऊन उभं राहिलं की चेहरे काळे पडतात, आणि नेमका हाच हट्ट सगळे धरतात. सकाळी गावाच्या पूर्वेचा डोंगर ऊन अडवून धरतो. आभाळ उजळलेलं असतं, वाळू थंड असते, चेहऱ्यावर मऊ उजेड येतो. ऊन डोंगरावरून खाली उतरायच्या आत फोटो आटपा.

पण आजीआजोबांना वाळूतून चालवणार कोण? म्हणून मला अंगणच आवडतं. घराचं तोंड पूर्वेला असेल तर साडेचार-पाचनंतर पुढचं अंगण घराच्या सावलीत येतं. सगळ्यांना तिथे दाराकडे पाठ करून उभं करा. वरचं चकचकीत आभाळ चौकटीत घेऊ नका, नाहीतर फोन त्या आभाळाला जुळवून घेतो आणि माणसं काळवंडतात. चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड थोडा वाढवा.

झाडाखालची सावली फसवते

आंब्याखाली गारवा असतो, पण पानांतून कवडसे पडतात. एकाच्या गालावर पांढरा ठिपका, दुसरीच्या पदरावर ऊन, तिसरा पूर्ण अंधारात. नंतर फोनवर कितीही खटाटोप केला तरी हे निघत नाही. सावली सलग हवी. जमिनीकडे बघा, तिथे ठिपके असतील तर चेहऱ्यांवरही असणार.

ज्येष्ठांना आधी बसवून ठेवणं

आम्ही दरवर्षी आजोबांना सर्वात आधी खुर्चीत नेऊन बसवायचो आणि मग अर्धा तास इतरांना गोळा करत फिरायचो. तोवर ते घामाघूम व्हायचे आणि उन्हात काळा होणारा त्यांचा चष्मा पुरता काळा व्हायचा. आता उलट करतो. तरुण मंडळी आधी उभी राहतात, आजोबांच्या जागी एखादा भाचा बसतो, त्याच्यावर उजेड आणि चौकट ठरते. सगळं जुळलं की आजोबा ओटीवरून उठून येतात आणि लगेच पहिला फोटो निघतो. साध्या काचांचा जुना चष्मा घरात असेल तर तोच द्या. तान्ह्या बाळांनाही असंच शेवटी आणा.

आणि सगळ्या घराचा फोटो आधी काढा. जावाजावांचे, माहेरवाशिणींचे, चुलत भावंडांचे फोटो मागाहून. आम्ही एकदा उलटं केलं, आणि मोठ्या फोटोच्या वेळी दोन मुलं झोपलेली होती.

एका रांगेत ३० माणसं

रांग लांबली की फोन लांब धरावा लागतो किंवा रुंद लेन्स लावावी लागते. त्या लेन्समध्ये कडेच्या माणसांचे चेहरे ताणले जातात, आणि कडेला बहुतेक वेळा नव्या सुना नाहीतर जावई उभे असतात. चार रांगा करा: पोरं सतरंजीवर, वडीलधारी खुर्च्यांवर, त्यांच्यामागे काही उभी, आणि उरलेली ओटीच्या पायऱ्यांवर. खांदे किंचित आत वळवले की माणसं एकमेकांत छान बसतात. फोटो काढणाऱ्याने मागे जाऊन साध्या लेन्सनेच काढावा. मोठा कॅमेरा असेल तर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र, एफ ८ च्या आसपास ठेवा. एफ १.८ वर मागची रांग धूसर होते.

माणसं बोलावणारा मात्र वेगळा हवा. आमच्याकडे हे काम मधली आत्या करते, कारण कोण कोणाचं हे तिला तोंडपाठ आहे आणि तिला कोणी नाही म्हणत नाही. आजीच्या मुलांची घरं एकेक करून ती उभी करते. फोटो काढणाऱ्याने ओरडत बसलं की त्याचं उजेडाकडे लक्ष राहत नाही.

तरीही बिघडलंच तर

डोळे मिटतात? सगळ्यांना डोळे मिटायला सांगा, तीन म्हटल्यावर उघडायला लावा आणि क्षणभर थांबून बटण दाबा. असे १०-१२ फोटो काढा.

फोन तापला? आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं अ‍ॅपल सांगतं. उन्हात ठेवलेला फोन तापून स्क्रीन मंद करतो. सावलीत पंख्याखाली ठेवा, फ्रिजमध्ये नको, आत पाणी धरतं. एसी खोलीतून काढलेल्या कॅमेऱ्याच्या काचेवरही दमट हवेत वाफ बसते. तो अर्धा तास आधी पिशवीसकट बाहेर काढून ठेवा.

मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारनंतर वळीव येऊ शकतो. त्याआधीचा ढगाळ उजेड चेहऱ्यांना फार छान असतो, पण गडगडाट ऐकू आला की किनाऱ्यावरून आणि झाडाखालून सगळ्यांना घरात घ्या. पहिल्याच संध्याकाळी फोटो काढला की हाताशी आणखी एक-दोन दिवस राहतात.

फोटो काढणाऱ्याला विसरू नका. तिवई आणि दहा सेकंदांचा टायमर पुरतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर फाइल लहान होते आणि मोठी छापताना मागच्या रांगेतले चेहरे विरघळतात.

आणि त्याच रात्री जेवताना डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं लिहून घ्या, रांगेनुसार, नात्यासकट. आमच्या माजघरात पणजोबांच्या वेळचा एक फोटो आहे. अंगण हेच, पायऱ्या ह्याच. त्यातल्या मागच्या रांगेत डाव्या बाजूला दोन मुली हात धरून उभ्या आहेत. त्या कोण हे फक्त आजीला माहीत होतं.