पुरीमला मेगिला घेऊन घरोघरी जाताय? या चुका टाळा

पुरीम हा यहुद्यांचा सण. त्या रात्री सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनास्थळात, पोरांचा नुसता कल्ला असतो. त्याच वेळी ठाण्यात, भायखळ्यात, अलिबागेजवळच्या एखाद्या गावात कुणी आजी खिडकीशी बसलेली असते, कारण तिला जिना उतरवत नाही. अशांच्या घरी जाऊन मेगिला, म्हणजे एस्तेर राणीची कथा, वाचून दाखवायला दरवर्षी काही मुलं पुढे येतात. खाबाद या यहुदी धार्मिक चळवळीची माणसं हेच काम जगभर हॉस्पिटलांत, ऑफिसांत, लष्करी छावण्यांत करतात. आपल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी, मुलांबरोबर मीही बरीच वर्षं फिरलोय. उत्साह कमी पडलेला मी कधी पाहिला नाही. गडबड होते ती नेहमी त्याच त्याच ठिकाणी.

पहिली गडबड वेळेची. पुरीमच्या आदल्या दिवशी एस्तेरचा उपास असतो आणि तो मेगिला ऐकून मगच सोडायची पद्धत आहे. तुम्ही पाच घरं ठरवता आणि चौथ्या घरी पोचेपर्यंत साडेनऊ वाजतात. तिथले पंच्याहत्तरीचे अंकल मधुमेहाची गोळी बाजूला ठेवून तुमची वाट पाहत असतात. आजारी माणसाला या उपासाची सक्ती नाही, हे त्यांना दोन दिवस आधी फोन करून स्पष्ट सांगा. उपास धरलाच असेल तर चांदण्या दिसल्यावर थोडं खाऊन गोळी घ्या, आमच्यासाठी थांबू नका, असंही सांगा. दहा अध्याय नीट वाचायला अर्धा-पाऊण तास लागतो. एका वाचकाला रात्री दोन घरं पुरेत, फार तर तीन.

एखादं घर राहिलंच तर हळहळत बसू नका. मेगिला रात्री एकदा आणि दिवसा एकदा ऐकायची असते, आणि दोन्हींत दिवसाचं वाचन जास्त महत्त्वाचं. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत मुभा आहे. उलट, रात्री वाचून आलो म्हणजे झालं असं समजून सकाळी न जाणं ही मोठी चूक, आणि ती दरवर्षी होते.

उशीर झाला की मधला भाग गाळायचा मोह होतो. तो आवरा. प्रत्येक शब्द वाचला गेला पाहिजे आणि ऐकणाऱ्याच्या कानावर पडला पाहिजे. वाचकाच्या हातात चर्मपत्रावर हाताने लिहिलेली गुंडाळीच हवी, छापील पुस्तक चालत नाही. ऐकणाऱ्याने मात्र पुस्तकात बोट ठेवून मागोमाग यावं. कथेतला खलनायक हामान, त्याचं नाव चोपन्न वेळा येतं आणि प्रत्येक वेळी मुलं खुळखुळे वाजवतात. त्या गोंगाटात पुढचा शब्द बुडाला तर वाचकाने थांबून तो पुन्हा म्हणावा. तरीही निसटला, तर ऐकणाऱ्याने तेवढा शब्द पुस्तकातून स्वतः वाचून घ्यावा. वॉर्डात खुळखुळे नेऊच नका, खुर्चीच्या हातावर बोटांनी टकटक पुरे. फोनवरून ऐकलेलं वाचन बहुतेक रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, ग्राह्य धरत नाहीत, म्हणून प्रत्यक्ष जाण्याला पर्याय नाही.

चालीचंही भान ठेवा. बाहेरून आलेले तरुण बहुधा अश्केनाझी, म्हणजे युरोपातल्या यहुद्यांच्या, चालीत वाचतात, आपल्या म्हाताऱ्यांचे कान सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या यहुद्यांच्या, चालीला सरावलेले. दिवसाच्या वाचनाआधी अश्केनाझी ‘शेहेहेयानू’ची बराखा, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना, पुन्हा म्हणतात, सेफार्दी म्हणत नाहीत. आजोबांनी मध्येच टोकलं तर ते चुकले असं धरू नका, त्यांच्या घरची रीत त्यांना ठाऊक असते. शक्य असेल तिथे आपल्याच मशिदीतला, म्हणजे सिनेगॉगमधला, कुणी वाचायला न्या.

एक प्रश्न कुणालाही विचारू नका: ‘तुम्ही नक्की यहुदी ना? आई कोण होती?’ १९६२ साली इस्रायलच्या रब्बीनेटने, म्हणजे धर्मगुरूंच्या सर्वोच्च मंडळाने, बेने इस्राएलांच्या लग्नांसाठी पूर्वजांची चौकशी सुरू केली. ती जखम १९६४ साली, सर्व बाबतींत पूर्ण यहुदी अशी मान्यता मिळेपर्यंत भळभळत होती. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांच्या दारात उभं राहून हे विचारणं क्रूर आहे. कोकणातले आपले पूर्वज पुरीमला ‘होळीचा सण’ म्हणत. पुढे कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी हिब्रू प्रार्थना आणि विधी शिकवले. ज्याला आज बराखा म्हणता येत नाही, त्याच्या बाजूला बसून शब्दाशब्दाने म्हणून घ्या, तसंच आपल्यालाही कुणीतरी शिकवलं होतं.

आता पुरीमला एकमेकांना द्यायच्या खाऊच्या पुड्यांबद्दल. मिश्लोआह मानोत म्हणजे लगेच खाता येतील असे दोन पदार्थ, एका माणसाला, पुरीमच्या दिवसा. कच्चे तांदूळ किंवा चहाची पावडर त्यात धरत नाहीत. पुरणपोळी छान, पण तूप लावलेली असेल तर मटणाच्या जेवणात ती खाता येत नाही, कारण आपण मांस आणि दुधाचे पदार्थ एकत्र खात नाही, आणि पुरीमचं दुपारचं जेवण बहुतेक घरी मटणाचंच असतं. तेलावर भाजा, किंवा पुडीवर ‘तूप आहे’ असं लिहा. कुठल्या घरी काय चालेल याची खात्री नसेल तिथे केळी आणि खजूर न्या. दारूची बाटली कुठेच नेऊ नका, मनुकांचं शरबत आपल्याकडे किद्दूशला, म्हणजे द्राक्षारसावरच्या प्रार्थनेला, चालतं ते इथेही चालेल. मुखवटे घालून जाणार असाल तर वॉचमनला आधी कळवा. २००८च्या दहशतवादी हल्ल्यानंतर मुंबईत हे सांगायची गरज पडू नये.

ज्या चुकीचं मला सगळ्यात वाईट वाटतं, ती मीच कैक वर्षं करत होतो. ठाण्यातल्या एका आंटींना पुडी दिली, ‘हाग पुरीम’ म्हटलं आणि निघालो. मागून आवाज आला, “मला देता रे, मग मी कुणाला देऊ?” पुडी पाठवणं आणि दोन गरजूंना दान देणं ही कर्तव्यं त्यांचीही होती. आम्ही त्यांना फक्त घेणाऱ्या करून ठेवलं होतं. पुरीमला गरिबांना देण्यावर जेवणावळीपेक्षा जास्त खर्च करावा, असं मध्ययुगातले यहुदी धर्मपंडित मैमोनिदीज सांगतात. आंटींना ते कुणी शिकवायला नको होतं, त्यांच्या हातात द्यायचं साधन तेवढं नव्हतं.

तेव्हापासून दिवसाच्या फेरीला मी दोन-चार रिकामे डबे आणि दोन कोरी पाकिटं पिशवीत ठेवतो. आंटींनी त्या दिवशी स्वयंपाकघरातून करंजी आणि एक केळं आणलं, कमरेच्या बटव्यातून दोन नोटा काढल्या. डबा मी पुढच्या गल्लीतल्या अंकलकडे पोचवला, नोटा दोन पाकिटांत घालून सूर्यास्ताआधी दोघांना दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अंकलचा फोन आला, करंजी कुणी केली ते विचारायला.