सीजीपीए काढायचा तर दोन बेरजा सांभाळा

पहिल्या सेमिस्टरला एसजीपीए, म्हणजे त्या एका सेमिस्टरची ग्रेडची सरासरी, 7.85, दुसऱ्याला 6.79. दोन्हींची बेरीज भागिले दोन, म्हणजे 7.32. बरेच जण सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरची मिळून सरासरी, असाच काढतात आणि मार्कशीटवर 7.27 दिसला की परीक्षा विभागाने घोळ घातला असं समजतात. घोळ बहुधा आपल्याच गणितात असतो. दोन्ही सेमिस्टरचे क्रेडिट, म्हणजे विषयांना दिलेलं वजन, सारखे असतील तरच ही सरळ सरासरी जुळते. एकीकडे 20 आणि दुसरीकडे 24 क्रेडिट असतील, तर 24 क्रेडिटवाल्या सेमिस्टरचं पारडं जड राहणार.

म्हणून वहीत एसजीपीए लिहून ठेवण्यापेक्षा दोन बेरजा लिहून ठेवा: आजवर मोजले गेलेले एकूण क्रेडिट आणि आजवर जमलेले एकूण क्रेडिट पॉइंट. सीजीपीए हा या दोघांचा भागाकार आहे. बेरजा हातात असल्या की तो कधीही काढता येतो. उलट फक्त सीजीपीए माहीत असेल, तर बेरजा परत मिळवताना नाकी नऊ येतात.

क्रेडिट पॉइंट म्हणजे विषयाचे क्रेडिट गुणिले त्या विषयातला ग्रेड पॉइंट. यूजीसीच्या दहा अंकी पद्धतीत ओ ला 10, ए प्लसला 9, ए ला 8, बी प्लसला 7, बी ला 6, सी ला 5, पी म्हणजे नुसत्या पासला 4 आणि नापास किंवा गैरहजर असल्यास 0. चार अंकी पद्धतीत ए ला 4 असतो. आकडे बदलतात, गणित तेच राहतं. वरच्या 7.85 मागचं सेमिस्टर असं आहे:

गणित: 4 क्रेडिट × 7 = 28
भौतिकशास्त्र: 4 × 6 = 24
प्रोग्रॅमिंग: 3 × 9 = 27
इलेक्ट्रॉनिक्स: 3 × 8 = 24
प्रोग्रॅमिंग प्रॅक्टिकल: 2 × 10 = 20
वर्कशॉप: 2 × 9 = 18
संवाद कौशल्य: 2 × 8 = 16

क्रेडिट 20, पॉइंट 157. भागाकार 7.85. सातही ग्रेड पॉइंटची सरळ सरासरी काढली तर 8.14 येते, कारण प्रॅक्टिकलचे 10 आणि गणिताचे 7 एकाच मापाने मोजले जातात. प्रॅक्टिकलचे चांगले ग्रेड पाहून हुरळून जाणाऱ्यांनी हा फरक आधी पाहावा.

दुसऱ्या सेमिस्टरला 24 क्रेडिट, 163 पॉइंट. बेरजा झाल्या 44 आणि 320, सीजीपीए 7.27. तिसऱ्याला 22 क्रेडिट, 178 पॉइंट, म्हणजे एसजीपीए 8.09. आता बेरजा 66 आणि 498, सीजीपीए 7.55. पुढचं सगळं याच दोन आकड्यांवर चालेल.

जुन्या मार्कशीटवर फक्त एसजीपीए आणि क्रेडिट असतील तर एक युक्ती आहे. 6.79 ला 24 ने गुणलं की 162.96 येतात. क्रेडिट आणि ग्रेड पॉइंट दोन्ही पूर्णांक असतील तर खरा आकडाही पूर्णांकच असणार, म्हणजे 163. दोन दशांशांच्या राउंडिंगमुळे 24 क्रेडिटवर जास्तीत जास्त 0.12 ची चूक होते, त्यामुळे जवळचा पूर्णांक बिनधास्त घ्या. दीड क्रेडिटचे विषय असतील तर जवळचा अर्धा घ्या. चार अंकी पद्धतीत मात्र 3.7, 3.3 असे ग्रेड पॉइंट असतात आणि तिथे ही युक्ती फसू शकते. विषयवार ग्रेड काढूनच बसावं लागतं.

राहिलेला विषय कुठे मोजतात

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण नियम जागोजागी वेगळे आहेत. समजा दुसऱ्या सेमिस्टरमध्ये 4 क्रेडिटचा एक विषय राहिला. तो 5 ग्रेड पॉइंटने सुटला असता तर पॉइंट 163 झाले असते. राहिल्यामुळे 143 झाले. आता भागायचं कशाने? नापास विषयाचे क्रेडिटही धरले तर 143 भागिले 24, म्हणजे 5.96. फक्त सुटलेल्या विषयांचे क्रेडिट धरले तर 143 भागिले 20, म्हणजे 7.15. ग्रेड तेच, आणि एसजीपीएत 1.19 चा फरक.

दुसऱ्या पद्धतीत एक चमत्कारिक गोष्ट होते. पुढच्या वेळी तो विषय 5 ने सुटला की एसजीपीए 7.15 वरून 6.79 वर येतो. पास झाल्यावर सरासरी घसरली म्हणून अर्ज लिहायला घेऊ नका. आधी जो विषय हिशेबातच नव्हता तो आता कमी ग्रेडने आत आला, इतकंच. बॅकलॉग, म्हणजे राहिलेला विषय, बाकी असताना दिसणारा सीजीपीए या पद्धतीत बहुधा थोडा फुगलेला असतो. तो पाहून पुढची आखणी करू नये.

पुन्हा दिलेल्या विषयाचं दुसरं प्रकरण असं: बऱ्याच ठिकाणी जुन्या ग्रेडची जागा नवा ग्रेड घेतो, पण काही ठिकाणी दोन्ही प्रयत्न मोजले जातात. जागा घेतली तर दोन सेमिस्टरअखेर 320 भागिले 44, म्हणजे 7.27. दोन्ही मोजले तर शून्याचे 4 क्रेडिट खाली तसेच राहतात आणि 320 भागिले 48 म्हणजे 6.67 होतो. तुमच्याकडे काय चालतं ते परीक्षा नियमावलीत लिहिलेलं असतं. सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका, बॅच बदलली की नियमही बदललेला असू शकतो. नियमावली हाती लागत नसेल, तर बॅकलॉग असलेली एखादी मार्कशीट घ्या आणि दोन्ही पद्धतींनी भागून पाहा. छापील आकडा ज्याच्याशी जुळतो ती पद्धत.

ऑडिट कोर्स (ग्रेडसाठी नव्हे, नुसते शिकायला घेतलेले विषय) आणि ज्यांना फक्त पास किंवा नापास असा शेरा मिळतो ते विषय साधारणपणे सरासरीत धरत नाहीत. पदवीसाठी लागणाऱ्या क्रेडिटमध्ये मात्र त्यातले काही धरले जातात. म्हणून 'मिळवलेले क्रेडिट' आणि 'मोजलेले क्रेडिट' असे दोन आकडे ठेवावे लागतात. दुसऱ्या संस्थेतून आणलेल्या क्रेडिटचंही पुष्कळदा असंच असतं: क्रेडिट येतात, ग्रेड मागेच राहतात. भागाकार कायम मोजलेल्या क्रेडिटनेच.

शीट कशी मांडायची

हा हिशेब एक्सेलसारख्या स्प्रेडशीटमध्ये ठेवा, पण प्रत्येक सेमिस्टरसाठी वेगळी शीट उघडू नका. एकच लांब यादी ठेवा, एका ओळीत एक विषय. रकाने असे: सेमिस्टर, विषय कोड, विषय, क्रेडिट, ग्रेड, ग्रेड पॉइंट, मोजायचा की नाही (1 किंवा 0), शेरा. क्रेडिट, ग्रेड पॉइंट आणि 1-0 चा रकाना यांच्या ओळीओळीच्या गुणाकारांची बेरीज सम-प्रॉडक्ट (SUMPRODUCT) फंक्शनने घ्या, त्याला क्रेडिट आणि 1-0 च्या सम-प्रॉडक्टने भागा, सीजीपीए तयार. विषय राहिला, पुन्हा दिला, सुटला, तर जुनी ओळ पुसायची नाही. नवी ओळ घालायची आणि जुनीचा 1 काढून 0 करायचा. दोन्ही प्रयत्न मोजणारी पद्धत असेल तर तो 1 च राहू द्यायचा.

तीन ठिकाणी ही शीट गुपचूप फसवते. निकाल न लागलेल्या विषयांच्या ओळी आधीच भरून ठेवल्या आणि ग्रेड पॉइंट रिकामा राहिला, तर तो शून्य धरला जातो पण क्रेडिट मात्र खाली मोजले जातात. सीजीपीए एकदम गडगडतो. अशा ओळींना निकाल लागेपर्यंत 0 द्या. ग्रेडवरून पॉइंट आणायला व्ही-लुकअप (VLOOKUP) फंक्शन वापरलं असेल तर शेवटच्या जागी 'अचूक जुळणी'चा पर्याय दिलाच पाहिजे, नाहीतर ते ए प्लसच्या जागी भलताच पॉइंट उचलून आणू शकतं. तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट: मार्कशीटच्या पीडीएफमधून कॉपी केलेले आकडे कधीकधी मजकूर म्हणून चिकटतात. क्रेडिटचा 4 मजकूर झाला की तो वर आणि खाली दोन्हीकडून गायब होतो, आणि उरलेल्या विषयांचा सीजीपीए अगदी खरा वाटावा असा येतो. हे पकडायचा एकच उपाय: क्रेडिटची बेरीज मार्कशीटवरच्या बेरजेशी जुळते का ते आधी बघायचं, मग सीजीपीएकडे वळायचं.

राउंडिंग फक्त शेवटी. मधल्या कुठल्याही सेलमध्ये दोन दशांशांवर आणलेला आकडा पुढे नेऊ नका. शेवटीही काही ठिकाणी पुढचे दशांश नुसते कापतात: 498 भागिले 66 म्हणजे 7.5454, राउंड केले तर 7.55, कापले तर 7.54. कटऑफ 7.5 असेल तर काही बिघडत नाही, 7.55 असेल तर बिघडतं.

पुढे किती लागतील

पदवीचे एकूण मोजले जाणारे क्रेडिट 160 धरू. हाती 66 क्रेडिट आणि 498 पॉइंट आहेत, उरले 94. शेवटी 8 हवा असेल तर एकूण 1280 पॉइंट लागतील. 1280 वजा 498 म्हणजे 782, भागिले 94. उरलेल्या सगळ्या सेमिस्टरची सरासरी 8.32 ठेवावी लागेल. 8.5 साठी तीच 9.17 होते. 9 साठी 10.02 लागतात, म्हणजे ते दार बंद झालं. उरलेल्या प्रत्येक विषयात 10 मिळाले तरी गाडी 8.99 वर थांबते. हे तिसऱ्या सेमिस्टरला कळलेलं बरं, सातव्याला नव्हे.

'पहिल्या वर्षाचे मार्क जास्त धरले जातात' असं कॅम्पसवर हमखास ऐकू येतं. नियमातच वर्षांना वेगवेगळं वजन दिलेलं नसेल, तर त्यात तथ्य नाही. पहिल्या सेमिस्टरचा एक क्रेडिट आणि शेवटच्याचा एक क्रेडिट अगदी सारखे. फक्त शेवटी शेवटी आकडा हलायला तयार नसतो. 140 क्रेडिटवर 7.60 असेल आणि शेवटचं सेमिस्टर 20 क्रेडिटचं असेल, तर त्यात पैकीच्या पैकी 10 मिळवूनही 7.90 च होतो. त्या सेमिस्टरचा एसजीपीए पूर्ण एका अंकाने वाढला तर सीजीपीए 0.125 ने वाढतो. त्याच हिशेबाने 4 क्रेडिटच्या विषयात एक ग्रेड वर सरकला की अंतिम आकड्यात 0.025 ची भर पडते, 2 क्रेडिटच्या विषयात त्याच्या निम्मी. अभ्यासाचा वेळ वाटताना हे डोळ्यांसमोर असू द्या.

टक्केवारीचा प्रश्न अर्ज भरताना येतो. कुठे सीजीपीएला 10 ने गुणतात, कुठे 9.5 ने, कुठे आधी 0.75 वजा करून मग 10 ने. 7.55 चे पहिल्या रीतीने 75.5, दुसऱ्या रीतीने 71.73 आणि तिसऱ्या रीतीने 68 टक्के होतात. सोयीचं सूत्र निवडायची मुभा इथे नसते. पदवी देणाऱ्या विद्यापीठाचंच सूत्र वापरायचं आणि त्याचं पत्र कागदपत्रांत ठेवायचं. दहा अंकी आकडा 0.4 ने गुणून चार अंकी करणं तर टाळाच. बाहेरच्या संस्था पुष्कळदा विषयवार ग्रेड बघून स्वतःच रूपांतर करतात, तेव्हा अर्जात मूळ आकडा आणि मूळ स्केल लिहिलेलं उत्तम.

नवी मार्कशीट आली की त्याच दिवशी तपासा, आणि क्रमाने: क्रेडिट, मग प्रत्येक विषयाचा ग्रेड, मग एसजीपीए, शेवटी सीजीपीए. एसजीपीए जुळतो पण सीजीपीए जुळत नाही, तर बहुधा एखाद्या जुन्या बॅकलॉगचा नवा ग्रेड एकत्रित हिशेबात चढलेला नसतो. फरक फक्त 0.01 चा असेल तर राउंडिंगची पद्धत तपासा. तरीही फरक उरला तर दुरुस्तीच्या अर्जाला तुमच्या शीटचा प्रिंट जोडा आणि नेमकी कोणत्या विषयाची ओळ चुकली ते लिहा. 'माझा सीजीपीए चुकला आहे' एवढ्यावर खिडकीतला माणूस काहीच शोधू शकत नाही. विषय कोड, जुना ग्रेड, नवा ग्रेड आणि कोणत्या सत्रात सुटला एवढं दिलं की त्याला फाईल कुठली काढायची ते कळतं.