नागपुरात इंजिनीअरिंगला ॲडमिशन घेताय? आधी फी नीट वाचा

सीईटीचा पर्सेंटाइल आला की घरात एकच चर्चा, कोणतं कॉलेज लागंल. माझं म्हणणं आहे की त्याच्या आधी कॉलेज कोणत्या प्रकारचं आहे ते बघा, कारण तुमच्या खिशातून शेवटी किती जाणार हे कॉलेजच्या नावापेक्षा त्याच्या प्रकारावर जास्त ठरतं, आणि हे कोणी समजावून सांगत नाही, काउन्सिलिंगवाले तर नाहीच.

हे असं काऊन झालं ते थोडक्यात. मँगनीज खाणींचे मालक डी. लक्ष्मीनारायण यांनी आपली संपत्ती नागपूर विद्यापीठाला दिली, त्यातून १९४२ मध्ये आपली एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, उभी राहिली. म्हणजे धनवानांचा पैसा शिक्षणात आधीही यायचाच, पण तो दान म्हणून. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. सीटा वाढल्या, आणि गावाखेड्यातली पोरं इंजिनीअर झाली हे खरंच आहे, पण सरकारने अनुदानातून हात काढला, सगळा खर्च फीवर आला आणि फी आली आईबापावर. तेव्हापासून सीट ही विकायची वस्तू झाली, तर मग ती घेताना गिऱ्हाईकासारखी चार प्रश्न विचारूनच घ्या.

पहिलं काम, शुल्क नियामक प्राधिकरणाची वेबसाइट उघडा. २०१५ च्या कायद्याने खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी हे प्राधिकरण ठरवतं. कॉलेज आपला खर्च दाखवतं आणि त्यावरून फी मंजूर होते. सुप्रीम कोर्टाने २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात सांगितलंय की संस्थेला वाढीसाठी थोडी शिल्लक ठेवता येईल पण नफेखोरी चालणार नाही. तर मंजूर फीचा आकडा लिहून घ्या आणि मगच कॉलेजच्या खिडकीवर जा, तिथे ट्यूशन फी, डेव्हलपमेंट फी, परीक्षा फी, डिपॉझिट, बस, हॉस्टेल असं एकेक वेगळं लिहून मागा. तोंडी सांगितलेला "पॅकेज" ऐकून घरी येऊ नका. कोणी पावती न देता कॅश मागून राहिलं असेल तर सरळ उठा, कॅपिटेशन फीवर, म्हणजे सीटसाठी मंजूर फीच्या वर घेतलेल्या पैशावर, महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे.

आता मुख्य गोष्ट, इथे जरा थांबून वाचा. विद्यापीठाशी संलग्न कॉलेज आणि स्वतःच खासगी (स्वयंअर्थसहाय्यित) विद्यापीठ किंवा अभिमत (डीम्ड) विद्यापीठ झालेली संस्था, दोन्हीची बिल्डिंग सारखीच दिसते, कधीकधी तर कालपर्यंत कॉलेज होतं तेच आज विद्यापीठ असतं. पण आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना अर्धी फी देणारी राजर्षी शाहू महाराज योजना, आणि २०२४-२५ पासून त्याच उत्पन्न मर्यादेतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना मिळणारी शंभर टक्के फी माफी, या दोन्हींच्या जीआरमध्ये खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळून असं स्पष्ट लिहिलंय. ॲडमिशनसुद्धा कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतूनच पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतली की हा फायदा गेला. म्हणजे भंडाऱ्याच्या एखाद्या ओबीसी शेतकऱ्याची पोरगी संलग्न कॉलेजात कॅपमधून गेली तर ट्यूशन फी शून्य आणि त्याच ब्रँचला खासगी विद्यापीठात गेली तर पूर्ण फी. मला याचा खूप राग येतो, कारण संस्थेने आपल्या सोयीसाठी दर्जा बदलला आणि किंमत मोजते ती पोरगी. म्हणून ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी प्रत्येक नावापुढे प्रकार लिहा.

फॉर्म भरताना टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या जागा, पण बघा. मंजूर जागांच्या वर पाच टक्के जागा असतात, उत्पन्न आठ लाखांच्या आत पाहिजे, त्यात ट्यूशन फी माफ असते, बाकीची फी मात्र भरावी लागते. त्याचा चॉइस कोड वेगळा असतो आणि तो कोड टाकलाच नाही तर मार्क कितीही चांगले असू द्या, ती सीट मिळणार नाही.

उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन क्रिमीलेयर, जात पडताळणी ही कागदं निकालाची वाट न बघता काढून ठेवा, जून-जुलैत सेतू केंद्रावर फार गर्दी असते. बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना तेही तपासा, नाहीतर महाडीबीटीचे, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरून येणारे, पैसे अडकतात.

राहण्या-खाण्याचा खर्च लोक हिशोबात धरतच नाहीत. गडचिरोली-गोंदियाच्या पोरांना खोली आणि मेस मिळून पुष्कळ जातात. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, नागपूरसाठी वर्षाला ६०,००० रुपये. इतर काहींसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, निकष वाचून अर्ज करा.

कर्ज काढायचंच असेल तर आधी कागदावर मांडा. समजा चार वर्षं दरवर्षी सुरुवातीला एक लाख उचलले, व्याज १० टक्के सरळ. कोर्स आणि वर एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चालूच असतं, पहिल्या लाखावर पाच वर्षं, दुसऱ्यावर चार, मग तीन, मग दोन. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या आधीच १ लाख ४० हजार व्याज चढलं. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं अशी योजना आहे, सीएसआयएस (सेंट्रल सेक्टर इंटरेस्ट सबसिडी स्कीम), बँकेत तिचं नाव घेऊन विचारा, मॅनेजर स्वतःहून सांगेलच असं नाही. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही हेही लक्षात ठेवा.

आणि ॲडमिशन रद्द करायची वेळ आली तर घाबरू नका. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या नियमाने ठरलेल्या तारखेच्या आत रद्द केली तर जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकी फी परत द्यावी लागते आणि ओरिजिनल मार्कशीट, टीसी अडवून ठेवता येत नाही. अर्ज लेखीच द्या, दुसऱ्या कॉपीवर शिक्का आणि तारखेसकट पोच घ्या, खिडकीवरचा माणूस "उद्या या" म्हणाला तर त्याच दिवशी तोच अर्ज कॉलेजच्या ईमेलवरही टाका.